वायटूकेच्या तयारीतून गावाच्या पूर आराखड्यासाठी काही घेता येईल का?

कृष्णाकाठची (पलूस तालुका, सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीचा पूर आराखडा नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. जुना आराखडा वाचला. पहिल्या पानावर लोकसंख्या आणि क्षेत्रफळ, मधे तालुक्यातल्या अधिकाऱ्यांचे फोन नंबर (निम्मे बदली होऊन गेलेत), शेवटी 'नागरिकांनी घाबरून जाऊ नये'. २०१९ च्या पुरात ती फाईल कार्यालयातल्या कपाटातच राहिली आणि कपाटासकट भिजली.

एका प्रशिक्षणात असं ऐकलं की मोठं संकट आधी ओळखून, वेळेत तयारी करून ते टाळल्याचं उदाहरण हवं असेल तर १९९९ चं वायटूके बघा, म्हणजे संगणकात सालाचे दोनच आकडे असल्याने २००० साल उजाडताच यंत्रं गोंधळतील ती अडचण. मी तेव्हा बालवाडीत होते, त्यामुळे आठवण काहीच नाही. पण विचार पटला. फसलेल्या तयारीचे अहवाल ढीगभर मिळतात, साधलेल्या तयारीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

त्या वेळी प्रत्यक्ष काय केलं, आधी काय हातात घेतलं आणि काय मागे ठेवलं, हे सांगू शकेल असं इथे कुणी आहे का? कागदपत्रं आज वाचायला मिळतात का? आणि एक मोठी शंका. वायटूकेला तारीख ठरलेली होती, ३१ डिसेंबरची रात्र सगळ्या जगाला माहीत होती. पुराची तारीख कोण सांगणार? मग तिथलं शिक्षण इथे लागू पडतं का?

गणपती_पेठ (सांगली)

ताई, वायटूके म्हणजे निव्वळ बागुलबुवा होता. १ जानेवारीला दिवेही गेले नाहीत आणि विमानंही पडली नाहीत. कंपन्यांनी पैसे कमावले, संपलं. त्यापेक्षा अलमट्टीतून किती पाणी सोडतात आणि कोयनेतून किती येतं याच्यावर लक्ष ठेवा, ते जास्त उपयोगाचं.

निवृत्त_लेजर (विश्रामबाग, सांगली)

गणपती पेठवाल्यांच्या बोलण्यापासूनच सुरुवात करतो. हेच वाक्य मी जानेवारी २००० पासून ऐकतोय आणि दर वेळी जीव तळमळतो. काही झालं नाही हे खरं. पण का झालं नाही, हे विचारायला कुणी थांबत नाही.

मी तेव्हा सांगलीतल्या एका सहकारी बँकेत होतो, नाव राहू द्या. शाखेत संगणक नवीनच आलेले. सेव्हिंग, करंट आणि मुदत ठेवी मशिनवर, कर्जखाती अजून बांधीव लेजरात. तारखेला सहा आकडे: दिवसाला दोन, महिन्याला दोन, सालाला दोन. पूर्वी मेमरी फार महाग होती आणि पंचकार्डावर (भोकं पाडून माहिती भरायचं कार्ड) ८० च रकाने, म्हणून सालाचे पहिले दोन आकडे गाळायची पद्धत पडली. ती तशीच आमच्या काउंटरपर्यंत आली.

लोकांना वाटतं अडचण मध्यरात्री बाराच्या ठोक्याला येणार होती. आमच्याकडे ती बरीच आधी येऊन बसली होती. १९९६ साली पाच वर्षांची ठेव ठेवली तर मुदत २००१ ला संपणार. मशिनला दिसणार ९६ आणि ०१. म्हणजे ठेव ठेवायच्या आधीच मुदत संपलेली, आणि व्याज वजामध्ये. काउंटरवरच्या एका बाईंनी येऊन मला सांगितलं, "साहेब, मशिन ही ठेव घेईना." त्यांनी कार्बन घालून पावती हाताने लिहिली, गिऱ्हाईकाला वाटेला लावलं, आणि असे नंबर एका वहीत टिपायला सुरुवात केली. मुख्य कार्यालयातून परिपत्रक आलं तेव्हा आमच्या शाखेची निम्मी यादी त्या वहीत तयार होती.

ताई, तुमच्या आराखड्यात पहिलं पान या वहीचं असू द्या. सांगलीत नदीचं पात्र भरून वाहायच्या आधी सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर भागात पाणी दिसतं. तुमच्याही गावात एखादा ओढा असेल, जो नदीच्या फुगवट्याने आधी मागे सरकतो. तो रोज कुणाच्या नजरेसमोर असतो? कडेला ज्यांचा गोठा आहे त्या माणसाचं नाव आणि नंबर लिहा. अधिकाऱ्यांचे नंबर त्यानंतर.

मग मोजदाद. फॉर्म आला: जिथे जिथे तारीख वापरली जाते ती प्रत्येक वस्तू लिहा. आम्ही संगणक मोजले आणि वाटलं झालं. दुसऱ्या फेरीत फॅक्स निघालं, टेलिफोनचं एक्सचेंज निघालं. तिसऱ्या फेरीत आमचे शिपाई म्हणाले, चेकवर तारखेच्या जागी '१९' छापलंय त्याचं काय करायचं? खरंच, चेक, भरणा स्लिपा, ठेवपावत्या, सगळ्यांवर '१९' आधीच छापलेलं. यात संगणकाचा संबंध नाही, पण जानेवारीत काउंटरवर गोंधळ याच्यानेच झाला असता. यादी करायला साहेबांना नुसतं बसवू नका. झाडलोट करणारा, पाणी सोडणारा, लाईनमन, यांना घेऊन गावातून पायी फिरा.

क्रम लावताना खरी भांडणं झाली. प्रत्येक खात्याला आपलंच काम आधी हवं होतं. शेवटी प्रश्न असा ठेवला: आठ दिवस बंद राहिलं तर कुणाचं चुलीवरचं अडेल? उत्तर निघालं, ठेवीदाराला त्याचे पैसे मिळणं आणि क्लिअरिंग, म्हणजे बँकाबँकांतली चेकची देवाणघेवाण. आमचा स्वतःचा पगारसुद्धा मागच्या रांगेत गेला. काही रिपोर्ट तर दुरुस्तच करायचे नाहीत असं ठरवून, तसं लिहून, सह्या घेऊन सोडून दिले. काय करणार नाही हे लिहिलेलं मी आजवर एकाही पूर आराखड्यात पाहिलेलं नाही. तुमची बोट एक असेल तर ती आधी कुठल्या वस्तीला जाणार आणि कुठल्या वस्तीला जाणारच नाही, त्या वस्तीने मग कुठल्या पातळीला स्वतःहून निघायचं, हे उन्हाळ्यात ठरलं पाहिजे. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली ती तुम्हाला मी सांगायला नको. पाणी चढल्यावर काठावर उभ्या माणसांना क्रम सांगता येत नाही, सगळे एकदम चढतात.

तालमीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सगळ्यांत कामाला आली ती तालीम. एका रविवारी मशिनची तारीख पुढे सरकवली आणि ३१ डिसेंबरचा दिवस बंद करून १ जानेवारी उघडला. मग २८ फेब्रुवारीवरून २९ वर गेलो. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप नसतं, पण चारशेने जाणारं असतं, म्हणून २००० लीप. नियम अर्धाच माहीत असलेल्या प्रोग्रॅमला २९ फेब्रुवारी सापडत नव्हती. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याने 'आमची प्रणाली सक्षम आहे' असं लेटरहेडवर लिहून दिलं होतं. पत्र फाईलला लावलं, पण चाचणी आम्ही आमची घेतली आणि तिथे व्याजाचा हिशोब चुकला. पत्रावर भागवलं असतं तर तो मार्चअखेरीला गिऱ्हाईकासमोर चुकला असता. तुमच्याकडे 'बोट सुस्थितीत' असा दाखला असेल. ती पाण्यात घालून, माणसं बसवून, इंजिन चालवून बघा.

दुसरी तालीम मशिन पूर्ण बंद धरून. टोकन, स्क्रोल, रोजकीर्द, सगळं हाताने. नव्या पोरांना जमा-नावे कुठल्या बाजूला लिहायचं इथपासून प्रश्न. निवृत्तीला आलेले हेडकॅशियर उभे राहून शिकवत होते आणि संध्याकाळी कॅश जुळली तेव्हा सगळ्या शाखेने टाळ्या वाजवल्या. ३१ तारखेला शुक्रवार होता. त्या संध्याकाळी प्रत्येक खात्याची शिल्लक १३२ कॉलमच्या कागदावर छापून घेतली. डॉट मॅट्रिक्सचा कर्र-कर्र आवाज रात्री उशिरापर्यंत चालू. शनिवारी मशिन मेलं असतं तरी गठ्ठा समोर घेऊन पैसे दिले असते. २०१९ ला वीज गेली, मोबाईलचे टॉवर बंद पडले, एटीएम बंद, तेव्हा हातात कागदी यादी असलेली माणसं किती होती?

आता तुमची मोठी शंका. पुराला तारीख नाही, बरोबर. पण आपल्या पुराला फूट आहेत! सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ ला पाणी ५७ च्याही वर गेलं. तारीख असल्याचा फायदा एवढाच होता की 'बघू, अजून वेळ आहे' असं म्हणायची सोय कुणालाच उरली नाही. ते काम फूट करू शकतात. आपण मात्र फूट बातमी म्हणून ऐकतो. मारुती चौकात जो तो विचारतो, "किती झालं?" कुणी सांगतं ४१, आणि ऐकणारा मान हलवून घरी जातो, कारण ४१ ला त्याने काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही.

प्रत्येक फुटाला एक काम आणि एक माणूस जोडा. तुमच्या गावाला आयर्विनचा आकडा चालणार नाही, भिलवडी पुलाची पातळी धरा. आणि वरच्या अंगाला कराडचा कृष्णा पूल, बहे, ताकारी यांच्या पातळ्या रोज जाहीर होतातच, त्यावरून किती वेळ हातात आहे याचा अंदाज बांधता येतो. २००५, २०१९ आणि २०२१ च्या खुणा घरांच्या भिंतींवर अजून दिसत असतील. टेप घेऊन फिरा, रंगाने ओढून घ्या, आणि त्या दिवशी भिलवडीला किती पाणी होतं ते शेजारी लिहा.

शेवटची गोष्ट लिहिताना अजून वाईट वाटतं. सगळं सुरळीत पार पडलं, आणि मार्चनंतर ते कागद रद्दीत गेले. याद्या, क्रम, हाताने कामाची पद्धत, सगळं. 'काही झालंच नाही, मग ठेवायचं कशाला?' पुढे २००५ च्या पुरात शाखेत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावर काय आहे, आधी काय उचलायचं, हे पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागलं. ज्या वर्षी पूर येणार नाही त्या वर्षी आराखड्याचं काय करायचं, हेही आराखड्यात लिहा.

कोबोलवाला (मूळ वाळवा तालुका, सध्या पुणे)

काकांनी शाखेतलं सांगितलं, मी कागदपत्रांबद्दल आणि बाहेरच्या जगाबद्दल थोडं जोडतो. ९८-९९ मध्ये पुण्यात बसून एका परदेशी विमा कंपनीचे कोबोल या जुन्या संगणक भाषेतले प्रोग्रॅम तपासायचं काम मी केलंय.

वाचायला अमेरिकेच्या लेखापरीक्षण खात्याचे, म्हणजे जीएओचे अहवाल सगळ्यांत सोपे, इंटरनेटवर फुकट आहेत. त्यांनी कामाचे पाच टप्पे पाडले होते: जागृती, मोजदाद, दुरुस्ती, पडताळणी, अंमलबजावणी. आणि सप्टेंबर २००० मध्ये वायटूकेचे धडे इतर कामांत कसे वापरायचे यावर वेगळा अहवालच काढला. तुम्हाला तोच हवा आहे. आपल्याकडचं बघायचं तर रिझर्व्ह बँकेचे त्या दोन वर्षांचे वार्षिक अहवाल चाळा.

एक मुद्दा तिथून जरूर उचला. कंपन्या आपली कच्ची बाजू सांगायला घाबरत होत्या, उद्या कोर्टात हेच अंगावर येईल म्हणून. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेने कायदा केला: तयारीबद्दल प्रामाणिकपणे दिलेली माहिती देणाऱ्याविरुद्ध वापरता येणार नाही. त्यानंतर माहिती मोकळी व्हायला लागली. आपल्याकडे 'इंजिन नादुरुस्त', 'लाईफ जॅकेट फाटलेली' असं लिहिणाऱ्या ग्रामसेवकालाच आधी नोटीस येणार असेल तर प्रत्येक कागदावर 'सुस्थितीत' असंच येणार.

गणपती पेठ, काहीच झालं नाही असंही नाही. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या प्रयोगशाळेत गर्भवती बायकांच्या वयाचा हिशोब चुकला आणि दीडशेहून जास्त जणींना डाऊन सिंड्रोमच्या चाचणीचे चुकीचे निष्कर्ष गेले. ते कळायला महिने लागले. अमेरिकेच्या हेर उपग्रहांची जमिनीवरची यंत्रणा त्या रात्री बंद पडली, ती तर वायटूकेसाठी केलेल्या दुरुस्तीमुळेच. म्हणून दुरुस्त केलेली गोष्ट पुन्हा तपासायची. पूरसंरक्षक भिंत बांधली की पाणी कुठे वळलं ते बघा.

आणि तयारी वाया जात नाही. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमधल्या अनेक वित्तसंस्थांनी वायटूकेसाठी तयार केलेल्या पर्यायी जागा आणि फोनच्या याद्या वापरूनच काम पुन्हा उभं केलं. उलट बाजू १९ जुलै २०२४ ला दिसली. क्राउडस्ट्राईक या संगणक सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने ८५ लाखांच्या आसपास विंडोज संगणक बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ज्यांना हाताने लिहिता आलं त्यांचं काम चाललं.

पुढची तारीखही ठरलेली आहे. जुन्या ३२ बिटच्या प्रणाली वेळ सेकंदांच्या एका आकड्यात मोजतात, तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला भरतो, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी, आणि मग तारीख चुकते. धरणांवर, उपसा योजनांवर जी जुनी नियंत्रण यंत्रं बसली आहेत त्यांची मोजदाद आतापासून व्हायला हवी.

डोंगरकपारी (पाटण तालुका, सातारा)

काकांचा फुटाचा हिशोब नदीकाठाला लागू. आमच्याकडं काय? २२ जुलै २०२१ च्या रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खाली आला. पाण्याची पातळी वाढताना दिसते, डोंगर सुटताना कुणाला दिसला? त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तर पहाटे झोपेत. त्याला तारीख नाही, फूट नाही, मिलिमीटरही नाही. मग आम्ही काय जोडायचं कशाला?

निवृत्त_लेजर

तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे आणि ते डोक्यात घेऊनच पुढचं लिहितो. दरडीला फुटाच्या जागी मिलिमीटर धरता येईल. शाळेच्या छपरावर पर्जन्यमापक, दर तीन तासांनी नोंद, ठरावीक आकडा ओलांडला की अंधार पडायच्या आत वस्ती हलवायची. आकडा कुठला, ते भूगर्भ खात्याच्या माणसाकडून तुमच्या उतारापुरतं ठरवून घ्या, अंदाजाने नको. शिवाय खुणा: उताराला नवी भेग, तिरका झालेला विजेचा खांब, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ किंवा बंद. या खुणा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी कळतात, त्यांना कुणाला सांगायचं हे माहीत हवं. भूकंपाला मात्र आगाऊ काहीच जोडता येत नाही. तिथे मोजदाद, घरांची मजबुती आणि तालीम एवढंच हातात राहतं.

डोंगरकपारी

झऱ्याचं पटलं. आमच्या वाडीत सांगणारं माणूस होतं, ऐकून घ्यायला कोण बसलेलं नव्हतं.

आशाताई_भिलवडी

मोजदादीत माझी भर. आम्हा आशा सेविकांकडे गरोदर बायकांची यादी असते, कुणाचे दिवस कधी भरतात तेही. पण पुरात आणखी लागतं ते वेगळंच: इन्सुलिन कुणाला लागतं, डायलिसिसला मिरजेला कोण जातं, अंथरुणाला खिळलेलं कोण आणि त्याला उचलायला घरात माणूस आहे का. २०१९ ला इन्सुलिन थंड कुठे ठेवायचं हा प्रश्न मला दहा घरांनी विचारला. डायलिसिसवाल्या माणसाला पाणी कितीला आल्यावर हलवायचं? रस्ता बंद व्हायच्या आधी. म्हणजे त्याचा फूट बाकी गावापेक्षा खालचा.

आणि जनावरांचा रकाना घाला. आमच्याकडे माणसं घर सोडत नाहीत ती बहुतेक वेळा दावणीला बांधलेल्या म्हशीपायी. जनावरं कुठे न्यायची, चारा कोण देणार, हे आधी ठरलं तर माणूस आपोआप निघतो.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आशाताई, 'त्याचा फूट खालचा' हे वाचून आराखड्याची मांडणीच बदलली. आता वस्तीनिहाय तक्त्याच्या आधी माणसांचा तक्ता येईल.

काका, एक विचारते. पातळी गाठल्यावर भोंगा वाजवायचा निर्णय कुणाचा? सरपंच गावात नसले, ग्रामसेवकांचा फोन लागला नाही, तर सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

निवृत्त_लेजर

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या, दोघांकडे, दोघं आल्याशिवाय उघडायची नाही. भोंग्याला याच्या नेमकं उलटं करा. तीन नावं ठरवा, तिघंही गावात राहणारी, एक तरी बाई असू द्या. तिघांपैकी जो हजर असेल त्याने एकट्याने वाजवायचा, कुणाला विचारायचं नाही. वाजवल्यावर रजिस्टरला तारीख, वेळ, पातळी आणि सही. आणि ग्रामसभेत आधीच ठराव घ्या की पातळी गाठल्यावर वाजवलेल्या भोंग्याबद्दल, पाणी नंतर उतरलं तरी, त्या माणसाला कुणी जाब विचारणार नाही. कोबोलवाल्यांनी सांगितलेला कायदा तुमच्या गावात एवढ्यावर होऊन जाईल.

कृष्णाकाठची

येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत हा ठराव घालते. भिंतींवरच्या खुणा मोजायला रविवारी निघतोय, पाणी सोडणारे मामा आणि लाईनमन दोघं येतो म्हणालेत. तक्ता झाला की इथे टाकते, त्यातल्या चुका काढा.